ठराविक कोनांवर थांबणारा फिरता सांधा: फ्रीकॅडमध्ये पॅरामेट्रिक मॉडेल कसे करावे

मोबाइल स्टँडचा हात किंवा टेबलदिव्याची मान फिरवताना सांधा नुसता घट्ट असून भागत नाही. तो ठराविक कोनांवर टिक् करून बसावा, तेथे वजन पेलावे आणि हाताने जरा जोर दिल्यावर पुढच्या थांब्यावर जावा, अशी अपेक्षा असते. असा सांधा एकदाच काढायचा असेल तर मापे सरळ स्केचमध्ये लिहून काम होते. पण बारा थांब्यांचे चोवीस करायचे झाले, किंवा बाजारात वेगळ्या मापाचा छर्रा मिळाला, की सगळे स्केच पुन्हा उघडावे लागतात. म्हणून येथे आधी आकडेमोड स्प्रेडशीटमध्ये मांडून मग त्यावर आकार उभा करण्याची, म्हणजेच पॅरामेट्रिक, पद्धत दिली आहे. उदाहरण मोबाइल स्टँडचे आहे: मोबाइल आणि त्याची चौकट मिळून २५० ग्रॅम वजन, सांध्याच्या केंद्रापासून ७० मिमी अंतरावर, आणि दर १५ अंशांना एक थांबा. सॉफ्टवेअर फ्रीकॅड धरले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत किंवा त्यानंतरच्या कोणत्याही आवृत्तीत पुढील सर्व कृती करता येतात.

थ्रीडी प्रिंटिंग करणाऱ्या माणसाच्या मनात पहिली कल्पना येते ती प्लास्टिकच्याच लवचीक बोटाची: हबवर, म्हणजे आत फिरणाऱ्या भागावर, कमानीसारखे वळलेले एक बोट, त्याच्या टोकाला उंचवटा आणि बाहेरच्या रिंगमध्ये खाचा. सुटे भाग लागत नाहीत, त्यामुळे ती आकर्षक वाटते, पण दोन्ही दिशांना फिरणाऱ्या सांध्यासाठी ती मुळातच अडचणीची आहे. बोटाचे टोक पुढे आणि बूड मागे अशा दिशेने हब फिरतो तेव्हा खाचेची भिंत टोकाला बुडाकडे ढकलते, आणि कमानीच्या आकारामुळे हा रेटा बोटाला आत दबू देण्याऐवजी बाहेर फुगवतो. उलट दिशेने फिरवल्यास तोच रेटा बोटाला आत ओढतो. परिणामी सांधा एका बाजूने अडकतो आणि दुसऱ्या बाजूने फारच सहज सुटतो. एकाच दिशेने फिरणाऱ्या रॅचेटला नेमके हेच हवे असते. आपल्याला नको आहे. स्प्रिंगने बाहेर ढकललेला पोलादी छर्रा मात्र त्रिज्येच्या रेषेतच आतबाहेर होतो, त्यामुळे दोन्ही दिशांना त्याची वागणूक सारखी राहते. शिवाय जोर स्प्रिंगमधून येत असल्याने तो मोजता येतो. छापलेल्या बोटाचा जोर थरांच्या चिकटण्यावर, भरावावर आणि प्लास्टिकच्या वयावर अवलंबून असतो.

छर्रा, खाच आणि उचल

सायकलच्या दुकानात सुटे छर्रे मिळतात आणि त्यांची मापे इंचातली असतात. पुढच्या चाकाच्या हबमध्ये सामान्यतः ३/१६ इंची, म्हणजे ४.७६ मिमी व्यासाचे आणि मागच्या हबमध्ये १/४ इंची, म्हणजे ६.३५ मिमी व्यासाचे छर्रे असतात. येथे ३/१६ इंची छर्रा घेतला आहे. एकमेकांसमोर १८० अंशांवर दोन छर्रे ठेवावेत, म्हणजे दोघांचे बाहेरचे रेटे एकमेकांना तोलतात आणि हब एका अंगाला सरकत नाही. यातूनच पहिला नियम निघतो: खाचांची संख्या सम असली पाहिजे, नाहीतर एक छर्रा खाचेत आणि दुसरा दोन खाचांमधल्या कंगोऱ्यावर अशी स्थिती येते. विषम संख्या मुद्दाम घेऊन थांबे दुप्पट करण्याची एक युक्ती आहे, पण तीत दर थांब्याला एकच छर्रा काम करतो आणि हब तिरका दाबला जातो, म्हणून वजन पेलणाऱ्या सांध्यासाठी मी ती सुचवणार नाही.

खाचेचा आकार हा या सांध्याचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. छऱ्यापेक्षा मोठ्या त्रिज्येची गोल खाच केली तर छर्रा तिच्या तळाशी एकाच जागी टेकतो आणि थांब्यावर बसूनही हात किंचित डुलत राहतो. व्ही आकाराच्या खाचेत मात्र छर्रा दोन्ही उतारांना एकाच वेळी टेकतो, त्यामुळे त्याची जागा पक्की ठरते. खाचेच्या दोन भिंतींमधला कोन ९० अंश घ्यावा, म्हणजे प्रत्येक उतार त्रिज्येशी ४५ अंश करतो. या कोनात भूमिती सोपी होते आणि सांधा अडकतही नाही. उतार फार उभा केला, तर घर्षणकोन मिळवून बेरीज ९० अंशांजवळ जाते आणि छर्रा कितीही जोर लावला तरी वर चढत नाही.

या ९० अंशी खाचेत बसलेल्या छऱ्याचे केंद्र खाचेच्या टोकापासून छऱ्याच्या त्रिज्येच्या १.४१४ पट अंतरावर असते. त्यावरून छर्रा खाचेत बोअरच्या, म्हणजे रिंगच्या आतल्या गोल पोकळीच्या, पृष्ठभागापलीकडे किती उतरतो ते कळते: खाचेच्या खोलीतून त्रिज्येच्या ०.४१४ पट वजा करावे. हीच उचल, म्हणजे पुढच्या थांब्यावर जाताना छऱ्याला आत दबावे लागणारे अंतर. छर्रा खाचेच्या कडांवर न टेकता सपाट उतारांवर टेकावा यासाठी खोली त्रिज्येच्या ०.७०७ पटीपेक्षा जास्त हवी, मी ०.८४ पट घेतो. २.३८ मिमी त्रिज्येच्या छऱ्यासाठी खोली २.०० मिमी आणि उचल १.०१ मिमी येते. खाचेचे टोक छऱ्याला लागतच नाही, त्यामुळे प्रिंटरने ते थोडे बोथट केले तरी बिघडत नाही. धूळ आणि जादा ग्रीस तेथे जमते, हा फायदाच आहे.

वजन पेलण्याचा हिशेब

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. थांब्यावर सांधा किती वजन धरेल हे छर्रा खाचेत बसलेला असताना स्प्रिंगमध्ये किती जोर आहे यावर ठरते. टिक् किती ठसठशीत वाटेल हे बसलेल्या आणि उचललेल्या स्थितीतल्या जोराच्या फरकावर ठरते. स्प्रिंग खाचेत जवळजवळ सैल सोडून सगळा जोर चढतानाच येईल अशी रचना केली, तर टिक् छान वाजते, पण मोबाइल ठेवताच हात दोन-तीन अंश खाली उतरतो. म्हणून स्प्रिंग आधीच दाबलेली असली पाहिजे. या दाबालाच पुढे पूर्वदाब म्हटले आहे.

४५ अंशांच्या उतारावर, घर्षण सोडून दिल्यास, छऱ्याचा आडवा रेटा स्प्रिंगच्या जोराइतकाच असतो. त्यामुळे पेलता येणारा टॉर्क (फिरवणारा जोर) म्हणजे छऱ्यांची संख्या, स्प्रिंगचा जोर आणि छऱ्याच्या केंद्राची त्रिज्या यांचा गुणाकार. घर्षण आपल्याच बाजूने असते, पण ग्रीस आणि हादरे ते कमी करतात, म्हणून पेलण्याच्या हिशेबात ते धरू नये. आपला भार २५० ग्रॅम गुणिले ७० मिमी, म्हणजे सुमारे १७२ न्यूटन-मिमी. बोअरची त्रिज्या १८ मिमी घेतली तर बसलेल्या छऱ्याचे केंद्र १६.६३ मिमीवर येते. १.३ हा सुरक्षा गुणक लावून प्रत्येक स्प्रिंगमध्ये सुमारे ६.७ न्यूटन जोर हवा असे दिसते.

बॉलपेनची स्प्रिंग यासाठी सहसा फार मऊ पडते. ०.५ मिमी तारेची, ४.५ मिमी बाह्यव्यासाची, साडेसहा कार्यक्षम वेढ्यांची पोलादी स्प्रिंग मिलिमीटरला सुमारे १.५ न्यूटन जोर देते. तिची मोकळी लांबी १२ मिमी असेल तर ती येथे बरोबर बसते. दुकानातून आणलेल्या स्प्रिंगचा दर माहीत नसतो, पण स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तो पाच मिनिटांत काढता येतो. स्प्रिंग काट्यावर उभी धरून तिला ५ मिमी दाबावे आणि ग्रॅममधला आकडा वाचावा. १०२ ग्रॅम म्हणजे साधारण १ न्यूटन, त्यामुळे १.५ न्यूटन दराच्या स्प्रिंगला काटा ७६५ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. स्प्रिंग पूर्ण दाबून सगळे वेढे एकमेकांना टेकल्यावर तिची लांबीही मोजून ठेवावी. ती पुढे लागते.

स्प्रेडशीट

फ्रीकॅडमध्ये नवी फाइल उघडून स्प्रेडशीट वर्कबेंचमध्ये (वर्कबेंच म्हणजे एका कामाच्या आज्ञांचा संच) एक तक्ता तयार करावा. प्रत्येक आकड्याच्या कप्प्याला अलायस, म्हणजे स्वतःचे नाव, द्यावे, म्हणजे तो आकडा स्केचमध्ये नावाने वापरता येतो. अलायस प्रत्यक्षात रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावे लागते. येथे वाचण्याच्या सोयीसाठी ती नावे देवनागरीत लिहिली आहेत. एकक किंवा कप्प्याचा पत्ता वाटेल असे नाव फ्रीकॅड स्वीकारत नाही, म्हणून एकअक्षरी नावांच्या फंदात पडू नये. लांबीच्या आकड्यांपुढे मिमी हे एकक लिहावे. जोर, वजन, भाराचे अंतर आणि स्प्रिंगचा दर मात्र बिनएककाचे साधे आकडे ठेवावेत. एकके असलेला आणि नसलेला आकडा यांची बेरीज केली की फ्रीकॅड चूक दाखवते, आणि अशा चुका शोधण्यात विनाकारण वेळ जातो. जेथे लांबीचा साधा आकडा हवा तेथे तिला १ मिमीने भागावे आणि जेथे आकड्याची लांबी करायची तेथे १ मिमीने गुणावे.

स्वतः भरायचे आकडे असे:

थांबे = २४
बोअर_त्रिज्या = १८ मिमी
छर्रा_व्यास = ४.७६ मिमी
मोकळीक = ०.२५ मिमी
भार_ग्रॅम = २५०, भार_अंतर = ७०, सुरक्षा = १.३
स्प्रिंग_दर = १.५, स्प्रिंग_लांबी = १२ मिमी, स्प्रिंग_बंद = ४.२ मिमी
हब_उंची = १२ मिमी

बाकी सगळे यांतूनच निघते, आणि तसेच निघू द्यावे:

खोली = ०.८४ × छर्रा_व्यास ÷ २
केंद्र_बसलेले = बोअर_त्रिज्या + खोली − १.४१४२ × छर्रा_व्यास ÷ २
उचल = खोली − ०.४१४२ × छर्रा_व्यास ÷ २
जोर = भार_ग्रॅम × ९.८१ ÷ १००० × भार_अंतर × सुरक्षा ÷ (२ × केंद्र_बसलेले)
पूर्वदाब = जोर ÷ स्प्रिंग_दर
भोक_तळ = केंद्र_बसलेले − छर्रा_व्यास ÷ २ − (स्प्रिंग_लांबी − पूर्वदाब)

दिलेल्या आकड्यांवर पूर्वदाब सुमारे ४.५ मिमी आणि भोक_तळ, म्हणजे हबमधल्या ज्या भोकात स्प्रिंग आणि छर्रा बसतात त्याचे बूड, केंद्रापासून सुमारे ६.७ मिमीवर येतो. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हबमधल्या भोकाची खोली मोबाइलच्या वजनावरून ठरली आहे. उद्या २५० च्या जागी ३०० लिहिले तर भोक आपोआप उथळ होईल आणि स्प्रिंग जास्त दाबली जाईल.

त्यानंतर तपासणीचे काही कप्पे करावेत. अट खरी असेल तर १ आणि खोटी असेल तर ० असे साधे सशर्त सूत्र पुरते. हे कप्पे अनेक जण टाळतात, पण पॅरामेट्रिक मॉडेलचा खरा उपयोग यातच आहे, कारण आकडे बदलणारा माणूस भूमितीची मर्यादा विसरतो आणि मॉडेल अशा वेळी निमूटपणे चुकीचा आकार काढून देते.

सर्वांत आधी तपासायचा तो दोन खाचांमधला कंगोरा. खाचेचे तोंड सपाट पृष्ठभागावर असते तर ते खोलीच्या दुप्पट, म्हणजे ४.० मिमी रुंद झाले असते. बोअर गोल असल्याने ते प्रत्यक्षात ४.२५ मिमी भरते. खाचेच्या टोकाची त्रिज्या, म्हणजे बोअर_त्रिज्या अधिक खोली, हिला टोक म्हटले तर तोंडाची अर्धी रुंदी पुढीलप्रमाणे मिळते:

अर्धे_तोंड = (टोक − वर्गमूळ(२ × बोअर_त्रिज्या² − टोक²)) ÷ २

या अर्ध्या रुंदीला बोअर_त्रिज्येने भागून व्यस्त साइन काढावा, दुप्पट करावा आणि ३६० भागिले थांबे यातून वजा करावा. उरतो तो कंगोऱ्याचा कोन. फ्रीकॅड त्रिकोणमितीचे कोन अंशांतच धरते, त्यामुळे येथे रेडियनचा घोळ होत नाही. चोवीस थांब्यांसाठी १५ उणे १३.५७, म्हणजे १.४३ अंश उरतात आणि १८ मिमी त्रिज्येवर ते ०.४५ मिमी होतात. ०.४ मिमीच्या नोझलने छापायचे असेल तर कंगोरा ०.४ मिमीपेक्षा कमी असू नये. म्हणजे हा छर्रा आणि ही त्रिज्या यांना चोवीस थांबे अगदी काठावर बसतात. छत्तीस हवे असतील तर १/८ इंची, म्हणजे ३.१७५ मिमीचा छर्रा घ्यावा आणि बोअर_त्रिज्या १८.५ करावी, १८ वर कंगोरा जेमतेम ०.३६ मिमी उरतो. त्या छऱ्यामागे बसणारी स्प्रिंगही अर्थातच बारीक लागेल. दुसऱ्या टोकाला, थांबे फारच कमी केले तर कंगोरा लांबलचक होतो आणि त्यावर छर्रा कोणत्याही खाचेकडे न ओढला जाता नुसता घसरत राहतो. सहा-आठ थांब्यांच्या सांध्यासाठी म्हणून मोठा छर्रा घ्यावा.

इतर तपासण्या लहान आहेत. थांबे ही संख्या सम आहे का; पूर्ण उचललेल्या स्थितीत स्प्रिंगची लांबी स्प्रिंग_बंदपेक्षा किमान १ मिमीने जास्त उरते का; भोक_तळ आणि मधल्या बोल्टच्या भोकाची कड यांच्यात ३ मिमी भिंत आहे का; आणि बसलेल्या छऱ्याचे केंद्र हबच्या पृष्ठभागाच्या आत आहे का. या शेवटच्या अटीकडे विशेष लक्ष द्यावे. केंद्र बाहेर गेले की छऱ्याचा अर्ध्याहून अधिक भाग भोकाबाहेर लोंबतो, आणि आडवा रेटा आल्यावर तो भोकाच्या तोंडाला फाडत जातो. आपल्या मापांत केंद्र हबच्या पृष्ठभागापेक्षा १.१ मिमी आत आहे.

रिंग

पार्ट डिझाइन वर्कबेंचमध्ये रिंग नावाची बॉडी करावी. सर्व स्केच मूळ तळांवर, म्हणजे एक्सवाय, एक्सझेड आणि वायझेड यांवरच ठेवावेत. आधीच्या आकाराच्या पृष्ठभागावर स्केच चिकटवू नये. पृष्ठभागांची नावे बदलून पुढचे स्केच निखळून पडण्याचा फ्रीकॅडचा जुना दोष १.० पासून बराच आटोक्यात आला आहे, तरीही थांब्यांची संख्या बदलली की रिंगच्या आतल्या पृष्ठभागांची संख्याच बदलते, तेव्हा ही शिस्त पाळणे शहाणपणाचे.

एक्सवाय तळावर दोन समकेंद्री वर्तुळे काढावीत: आतले बोअर_त्रिज्येचे आणि बाहेरचे टोक अधिक ३ मिमी त्रिज्येचे. त्रिज्येची मर्यादा देताना मापाच्या चौकटीतल्या निळ्या एफएक्स चिन्हावर दाबून आकड्याऐवजी स्प्रेडशीटमधले नाव लिहावे. हब_उंचीइतका पॅड (स्केचला जाडी देणारी आज्ञा) करावा आणि खालच्या बाजूला ३ मिमी जाडीचा तळ जोडावा, ज्याच्या मधोमध एम४ बोल्टसाठी ४.३ मिमीचे भोक असेल. रिंग म्हणजे आता एक पसरट वाटी झाली.

खाचेसाठी पुन्हा एक्सवाय तळावर त्रिकोणी स्केच करावे. त्रिकोणाचे टोक एक्स अक्षावर, केंद्रापासून टोक एवढ्या अंतरावर ठेवावे. तेथून आत येणाऱ्या दोन रेषा अक्षाच्या दोन बाजूंना समान असाव्यात आणि त्यांच्यामधला कोन ९० अंशांचा द्यावा. त्रिकोण बंद करणारी तिसरी रेषा बोअरच्या कडेवर न काढता तिच्या १ मिमी आत, पोकळीतच काढावी. ती नेमकी कडेवर काढली तर गोल बोअर आणि सरळ रेषा यांच्यामध्ये कागदासारखी पातळ चकती शिल्लक राहते, आणि अशी चकती स्लाइसरमध्ये, म्हणजे छपाईसाठी मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, गेल्यावरच लक्षात येते. या स्केचचा पॉकेट (स्केचच्या आकाराने कापणारी आज्ञा) रिव्हर्स्ड ही खूण करून वरच्या दिशेला करावा, आणि खालचा तळ कापला जाऊ नये म्हणून त्याची खोली हब_उंचीएवढीच ठेवावी. मग त्या पॉकेटचा झेड अक्षाभोवती ३६० अंशांचा पोलर पॅटर्न, म्हणजे वर्तुळाकार पुनरावृत्ती, करून आवृत्त्यांच्या जागी थांबे हे नाव लिहावे. पॅटर्न करण्याआधी एकच खाच नीट मोजून पाहावी, कारण चोवीस खाचांच्या गर्दीत चूक पटकन दिसत नाही.

वाटीच्या वरच्या काठाला आतून १.५ मिमीचा ४५ अंशी चँफर, म्हणजे तिरका काप, द्यावा. जोडणी करताना छर्रे आत घसरण्यासाठी त्याची गरज आहे.

हब

हबची बॉडी वेगळी करावी. बोअर_त्रिज्या वजा मोकळीक या त्रिज्येचे वर्तुळ हब_उंचीएवढे पॅड करून मधोमध ४.३ मिमीचे भोक पाडावे. छऱ्याच्या आडव्या भोकासाठी वायझेड तळावर स्केच घ्यावे, पण त्याचा अटॅचमेंट ऑफसेट झेड दिशेने भोक_तळ एवढा ठेवावा आणि त्या चौकटीतही स्प्रेडशीटचेच नाव लिहावे. त्यामुळे स्केच भोकाच्या बुडाशी जाऊन बसते. त्यात हबच्या निम्म्या उंचीवर छर्रा_व्यास अधिक ०.३ मिमी व्यासाचे वर्तुळ काढावे आणि सर्व पार जाणारा पॉकेट करावा. पॉकेट स्वभावतः स्केचच्या लंब दिशेच्या उलट कापतो, म्हणजे येथे केंद्राकडे; म्हणून रिव्हर्स्ड ही खूण करून तो बाहेरच्या दिशेला वळवावा. शेवटी पोलर पॅटर्नने दोन आवृत्त्या. छपाईत आडव्या भोकाचे छत थोडे लोंबते, म्हणून वर्तुळाऐवजी वर टोक असलेला थेंबाचा आकार घेणे अधिक चांगले. तेवढ्या कष्टाचे चीज होते, कारण लोंबलेल्या छतात छर्रा अडकला की सांधा अर्धा मुका होतो.

मोबाइलची चौकट किंवा हात हबच्या वरच्या अंगावर जोडावा. त्याची दिशा एक्स अक्षाशी जुळवली तर शून्याचा थांबा हाताच्या आडव्या स्थितीशी आपोआप मिळतो. तो थांबा वेगळ्या कोनावर हवा असेल तर स्प्रेडशीटमध्ये शून्य_कोन असा एक आकडा वाढवून खाचेचे स्केच तेवढे फिरवावे. हात फिरवू नये.

छर्रा आणि स्प्रिंग तपासणीपुरतेच काढायचे आहेत. छऱ्यासाठी गोल आणि स्प्रिंगसाठी ४.५ मिमी व्यासाचा साधा दंडगोल पुरतो. खरा वेटोळा काढल्याने फाइल जड होण्यापलीकडे काही हाती लागत नाही. स्प्रेडशीटमध्ये स्थिती नावाचा एक कप्पा करावा, ज्यात ० म्हणजे बसलेले आणि १ म्हणजे कंगोऱ्यावर. छऱ्याच्या केंद्राचे अंतर केंद्र_बसलेले वजा स्थिती गुणिले उचल असे ठेवावे आणि हबच्या प्लेसमेंटमधला कोन स्थिती गुणिले १८० भागिले थांबे असा द्यावा. छर्रेही हबबरोबर फिरले पाहिजेत, म्हणून सगळ्यांना एकाच पार्टमध्ये घेऊन प्लेसमेंट त्या पार्टला लावावे. आता ० आणि १ टाइप करून दोन्ही टोकांच्या स्थिती पाहता येतात. प्रत्येक स्थितीत पार्ट वर्कबेंचमधील कॉमन या आज्ञेने रिंग आणि छर्रा यांचा सामाईक भाग काढावा. शून्य स्थितीत छर्रा उतारांना फक्त टेकलेला असतो, त्यामुळे सामाईक भाग रिकामा किंवा नगण्य यायला हवा. ठळक तुकडा निघाला तर खोलीचे सूत्र किंवा त्रिकोणाचा कोन तपासावा. असेंब्ली वर्कबेंचमध्ये रेव्होल्यूट सांधा लावून हब फिरवताही येतो, पण तो सांधा टिक् कोठे बसते हे जाणत नाही, म्हणून मापांच्या तपासणीला वरचीच पद्धत उपयोगी आहे.

हीच मांडणी फ्यूजनमध्ये पॅरामीटर्सच्या यादीत आणि सॉलिडवर्क्समध्ये इक्वेशन्समध्ये जशीच्या तशी जाते. सूत्रे बदलत नाहीत.

छपाई आणि जोडणी

रिंग आणि हब दोन्ही आडवे पडलेले, म्हणजे झेड अक्ष उभा ठेवून छापावेत. खाचा उभ्या असल्याने त्यांना आधार लागत नाही आणि थरांच्या रेषा छऱ्याच्या मार्गाला समांतर राहतात. भिंतीच्या रेषा किमान चार ठेवाव्यात, म्हणजे उतारांमागे पोकळ भराव येत नाही. स्लाइसर प्रत्येक थराची सुरुवात जेथे करतो तेथे एक बारीक उभी शिवण उमटते. ती आपोआप खाचेच्या कोपऱ्यात जाऊन बसण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे शिवणीची जागा हाताने रिंगच्या बाहेरच्या अंगावर रंगवून द्यावी. पूर्ण भाग छापण्याआधी रिंगची आणि हबची ५ मिमी उंचीची चकती छापून हब बोअरमध्ये सहज पण न डुलता फिरतो ना, ते पाहावे. मोकळीक प्रत्येक प्रिंटरची वेगळी असते, आणि ती एकाच कप्प्यात असल्याने बदलायला सोपी आहे. चकती घट्ट बसली तर मोकळीक ०.०५ मिमीच्या पायऱ्यांनी वाढवावी.

छपाईच्या प्लास्टिकांपैकी पीएलएपेक्षा पीईटीजी येथे बरे. जोर देणारी स्प्रिंग पोलादी असल्याने सांधा प्लास्टिकच्या थकण्यावर अवलंबून नाही, पण खाचेच्या उतारांवर छऱ्याचा दाब सतत असतो, आणि उन्हात किंवा गाडीत तापलेले पीएलए त्याखाली हळूहळू दबते. पीईटीजीतही छर्रा सुरुवातीला उतारांवर आपली लहानशी चकाकणारी जागा करून घेतो. तसे होणे अपेक्षितच आहे, आणि त्यासाठी सुरक्षा गुणकात थोडी जागा ठेवलेली आहे.

जोडणी एखाद्या मोठ्या परातीत करावी, कारण सोडलेला छर्रा खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबतो. भोकात आधी स्प्रिंग, मग वाटाण्याएवढे ग्रीस आणि त्यावर छर्रा. थंड पेयाच्या बाटलीतून कापलेली ८ ते १० मिमी रुंदीची प्लास्टिकची पट्टी हबभोवती गुंडाळून दोन्ही छर्रे आत दाबून धरावेत, आणि हब रिंगच्या चँफरवर टेकवून सरळ खाली ढकलावा. हब आत जाईल तशी पट्टी वर सरकून बाहेर येते. मग खालून बोल्ट, वर वॉशर आणि नायलॉनचा लॉकनट. हा नट हब वाटीबाहेर निघू नये इतपतच आवळावा. तो जास्त आवळला की हब तळावर घासू लागतो, टिक् मरते आणि आपण स्प्रिंगला दोष देतो.

सांधा बसल्यावर हात आडवा ठेवून मोबाइल लावावा आणि हाताच्या टोकाला बोटाने खाली दाबून पाहावे. मोबाइलचे वजन धरून ७० मिमी अंतरावर एकूण साधारण अर्धा किलो जोर लागल्यावर तो पुढच्या खाचेत गेला पाहिजे. हा आकडा घर्षण धरून आलेला आहे. फारच सहज गेला तर हब पुन्हा छापण्याची गरज नाही. स्प्रिंगच्या बुडाशी १ मिमी जाडीची एक छोटी चकती टाकली की पूर्वदाब तेवढाच वाढतो, आणि दोन्ही स्प्रिंग मिळून पेलण्याच्या ताकदीत सुमारे ५० न्यूटन-मिमीची भर पडते. चकतीचा आकडा मात्र स्प्रेडशीटमध्ये भोक_तळाच्या सूत्रात मिळवून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी छापलेल्या हबला चकतीची गरज पडणार नाही.